जखमेला रस्ता कोण दाखवतं?

जेवताना जीभ चावली की डोळ्यांत टचकन पाणी येतं. दोन दिवस तिखट लागलं की 'स्स' होतं. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जीभ चावली होती हेच आपण विसरून जातो. टाका नाही, पट्टी नाही, तरी जखम गायब! गुडघा खरचटला तर मात्र खपली धरते, खाज सुटते, आई "खपली काढू नकोस रे" म्हणून ओरडते, आणि आठवडा कसा निघून जातो कळत नाही.

जखम भरते म्हणजे आत काय चाललेलं असतं? जखमेच्या कडेला ज्या धडधाकट पेशी असतात, त्या चक्क जागा सोडून निघतात. मधल्या रिकाम्या जागेकडे सरकतात, वाढतात, एकमेकींना चिकटतात आणि जखम झाकून टाकतात. हे सरकणं भलतंच हळू असतं. प्रयोगशाळेत कातडीच्या पेशी तासाला साधारण ६० मायक्रॉन सरकताना दिसल्या आहेत. म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीएवढं अंतर कापायला एक तास!

पण खरी गंमत पुढेच आहे. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. मग जखम उजवीकडे आहे की डावीकडे, हे तिला सांगतं कोण?

सांगणारे बरेच आहेत. रक्तातून आलेली रसायनं सांगतात. शेजारची पेशी नाहीशी झाली, बाजूला मोकळं झालं, यावरूनही कळतं. आणि या सगळ्यांबरोबर आणखी एक वाटाड्या असतो. तो म्हणजे वीज. होय, तीच ती बटणवाली वीज. फक्त बटण नाही, तार नाही आणि बिलही नाही!

खर्रा आणि खाली सरकलेली हिरडी

ही वीज शोधायला आपण अहेरीला जाऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, प्राणहिता नदीच्या काठावरचं हे गाव. नदीपलीकडे तेलंगणा. बाजारात उभं राहिलं की एका कानाने मराठी, दुसऱ्याने तेलुगू ऐकू येते आणि मधूनच गोंडी. या बाजारात पानठेले आहेत आणि पानठेल्यावर खर्रा आहे.

खर्रा काय असतो हे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून चांगलं घोटतात, तो खर्रा. खाणारे त्याची चिमूट गालाच्या एका कोपऱ्यात धरून ठेवतात. कोपरा बहुधा ठरलेला असतो. काही वर्षांनी त्या कोपऱ्यातल्या दाताखाली बघितलं, तर हिरडी मूळ जागेवरून खाली सरकलेली दिसते. दात लांब झाल्यासारखा वाटतो. दात काही लांब होत नाही, हिरडी मागे हटलेली असते.

खर्रा न खाणाऱ्यांची हिरडीसुद्धा सरकू शकते. दातांवर चिकट थर साचू दिला, तर हिरडी सुजते आणि हळूहळू सुटत जाते. याउलट काही जण ब्रश असा दाबून आडवा घासतात की हिरडीच झिजते. एखादा दात रांगेबाहेर आला असेल तर त्याच्यावरची हिरडी आधीच पातळ असते. मशेरी घासणाऱ्यांच्या हिरड्यांना तर तंबाखू आणि घासणं, दोन्हींचा मार बसतो.

हिरडी सरकली तर बिघडतं काय? दाताचा जो भाग आपल्याला दिसतो, त्याच्यावर इनॅमल असतं. आपल्या शरीरातली ही सगळ्यात कठीण वस्तू. हाडापेक्षाही कठीण. पण दाताच्या मुळावर इनॅमल नसतं. तिथे असतो एक पातळ थर, आणि त्याच्या खाली डेंटिन. या डेंटिनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात, दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचणाऱ्या. मूळ उघडं पडलं की थंड पाण्याचा घोट थेट त्या नळ्यांना गाठतो आणि माणूस खुर्चीतून उडतो!

बरं, नख तुटलं तर पुन्हा वाढतं. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही.

टाळूकडून उसनवारी

मग हिरड्यांचे डॉक्टर एक युक्ती करतात. आरशासमोर तोंड उघडा आणि जिभेने टाळूला चाचपून पाहा. दातांच्या मागे टाळूची कातडी किती घट्ट आणि जाड आहे! डॉक्टर ती जागा बधिर करतात, तिथून दीड-एक मिलिमीटर जाडीचा छोटासा तुकडा काढतात आणि उघड्या मुळावर बारीक टाक्यांनी बसवतात. काही दिवसांत त्या तुकड्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तो तिथला होऊन जातो.

अहेरीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण अशा नाजूक शस्त्रक्रियेसाठी सरकारी दंत महाविद्यालय गाठायचं तर नागपूर. म्हणजे अडीचशे किलोमीटरहून जास्त प्रवास.

आणि या युक्तीची एक किंमत आहे. एका जखमेच्या दोन जखमा होतात. एक हिरडीवर, दुसरी टाळूवर. त्यातली टाळूची जखम जास्त त्रास देते. भाताचा घास असो की भाकरीचा तुकडा, तोंडात गेलं की पहिला धक्का टाळूलाच. ती पूर्ण भरायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून जगभरातले दंतवैद्य विचार करू लागले की या जखमेला थोडी घाई करायला लावता येईल का? तिथे त्यांना आठवला तो बिनतारी वाटाड्या.

फुटलेली बोडी

आता बघू या ही वीज येते कुठून.

भाताच्या शेतातली बोडी पाहिली आहे ना? पावसाचं पाणी साठवायला बांधलेलं छोटं तळं. पाळ मजबूत असेल तोवर पाणी आत उंच आणि बाहेरची बांधी कोरडी. पाळीला भगदाड पडलं की सगळं पाणी त्या एकाच जागेकडे धाव घेतं. रात्रीच्या अंधारात भगदाड दिसलं नाही तरी चालतं. पाण्यात पाय घातला की धार कुठे ओढतेय ते कळतं, आणि धारेमागे गेलं की भगदाड सापडतं.

आपली कातडी म्हणजे अशीच पाळ. फक्त तिने पाण्याऐवजी विद्युतभार अडवलेला असतो. मिठाचे कण पाण्यात विरघळले की त्यांचे सोडियमचे धनभार असलेले कण सुटे होतात. कातडीच्या पेशी हे कण दिवसरात्र बाहेरून आत ढकलत असतात. आत धनभार जास्त, बाहेर कमी. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की आत गेलेला भार सहज बाहेर येत नाही. त्यामुळे कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत विजेचा दाब तयार होतो. माणसाच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी तो साधारण १० ते ६० मिलिव्होल्ट भरतो. टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५०० मिलिव्होल्टचा असतो. आपली बॅटरी तशी चिमुकलीच! तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातही असा दाब असतो.

काटा रुतला, विळा लागला, दात लागला की पाळ फुटते. चहूबाजूंनी भार जखमेकडे वाहू लागतो. हीच जखमेची वीज. कडेच्या पेशींना ती धार जाणवते आणि त्या धारेच्या दिशेने चालायला लागतात. जखम पूर्ण झाकली गेली की पाळ पुन्हा बांधली जाते आणि धार आपोआप थांबते. कुणाला स्विच बंद करावा लागत नाही.

आणि ही धार वाहायला ओल लागते. जखम कोरडी ठणठणीत पडली तर धार आटते. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या अंगावरच्या लहान जखमा तपासल्या. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या, सुकलेल्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने आली. ओलीत पेशींना सरकणंही सोपं जातं. आता कळलं ना, जीभ गुडघ्यावर मात का करते? तोंड कायम ओलं. शिवाय तिथे रक्त भरपूर आणि लाळेत जखम भरायला मदत करणारे पदार्थही असतात.

कंदिलाच्या उजेडातली वीज

अहेरीजवळच्या आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की घनदाट जंगलात हेमलकसा येतं. १९७३ साली बाबा आमटे यांनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहून माडिया गोंड लोकांवर उपचार करू लागले. सुरुवातीची कित्येक वर्षं हेमलकशात वीज नव्हती. रात्री पेशंट आला की कंदील पेटवायचा आणि त्या उजेडात टाके घालायचे.

आणि पेशंट तरी कसे? उन्हाळ्याच्या तोंडावर मोह गळायला लागतो. माणसं पहाटे मोह वेचायला जंगलात जातात. मोह अस्वलालाही प्रचंड आवडतो. दोघांची अंधारात गाठ पडली की अस्वल चेहऱ्यावरच झडप घालतं. असे फाटलेले चेहरे हेमलकशाच्या डॉक्टरांनी शिवले आणि ते भरून आले.

दिवा लावायला गावात वीज नव्हती. पण त्या प्रत्येक जखमेत होती! डॉक्टरांनी कडा जुळवून दिल्या, जखम स्वच्छ केली, औषध दिलं. पुढचं पेशींना रस्ता दाखवण्याचं काम शरीराने स्वतःच्या विजेवर केलं. वीज कंपनीची लाइन पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून.

बोटातून निघालेला प्रवाह

जखमेतली ही वीज सापडली कशी? इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्वानी बेडकाच्या पायांवर प्रयोग करत होते. दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय झटका द्यायचा. १७९१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की प्राण्यांच्या शरीरातच वीज असते. अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, छे! वीज त्या दोन धातूंमुळे येते. आणि ते सिद्ध करायला त्यांनी १८०० साली धातूंच्या चकत्यांची बॅटरी बनवून दाखवली. भांडण जोरदार झालं. आज आपल्याला माहीत आहे की दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मग आले बर्लिनचे एमिल द्यू बोआ-रेमाँ. शरीरातली वीज इतकी कमी, की ती पकडायला त्यांनी तीन किलोमीटरहून लांब तार गुंडाळून एक यंत्र तयार केलं. १८४३ मध्ये त्यांनी स्वतःच्या बोटाला झालेल्या जखमेतून वाहणारा प्रवाह मोजला. भरला साधारण एक मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दहा लाखावा भाग!

पुढे शंभरहून अधिक वर्षं या विजेकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. १९८० च्या सुमाराला चांगली यंत्रं हाती आल्यावर शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजमाप केलं. गिनिपिगच्या जखमेच्या अगदी कडेला, एका मिलिमीटरच्या अंतरात, शंभराहून जास्त मिलिव्होल्टचा फरक आढळला. पेशीसारख्या इवल्याशा जिवाला ही धार म्हणजे चांगलीच जोराची.

पेशींना दिलेला चकवा

पण धार असते म्हणजे पेशी तिच्याच मागे जातात, असं कशावरून? कदाचित त्या दुसऱ्याच कशामागे जात असतील!

हे तपासायला मिन झाओ हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चकवा रचला. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यात जखम करायची आणि बाहेरून बारीक वीज सोडायची, पण उलट्या दिशेने. पेशी काय करतील? जखमेकडे जातील की विजेमागे? बऱ्याच पेशी जखमेकडे पाठ फिरवून विजेमागे निघाल्या! विजेची दिशा बदलली की त्याही वळल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात पेशीतली काही जनुकंही सापडली. त्यांतलं एक बंद केलं की पेशींना विजेची दिशा नीट कळेनाशी होते.

वयाचाही परिणाम दिसतो. २०११ साली माणसांच्या कातडीवरच्या छोट्या जखमांची वीज मोजली गेली. पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये ती तरुणांच्या तुलनेत जवळपास निम्मी भरली. आजोबांची जखम तुमच्यापेक्षा उशिरा का भरते, याचं एक कारण हे असू शकतं.

मशीन काय करतं?

शरीराची धार कमी पडत असेल तर बाहेरून थोडी भर घालू, असा विचार मग साहजिकच आला. हाडांच्या बाबतीत तो आधीच आला होता. १९५७ मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं की हाड दाबलं तर त्यात वीज निर्माण होते. त्यानंतर न जुळणाऱ्या हाडांसाठी विजेची उपकरणं आली. खूप दिवस न भरणाऱ्या पायाच्या जखमांवरही विजेचा वापर होऊ लागला.

टाळूच्या जखमेवर तो ब्राझीलमधल्या दंतवैद्यांनी करून पाहिला. २०२१ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाळूचा तुकडा काढलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे काही दिवस अतिसूक्ष्म वीज दिली. दुसऱ्या गटाला मशीन लावलं, पण वीज दिली नाही. असं नाटक का? कारण "माझ्यावर उपचार होतोय" या नुसत्या समजुतीनेही माणसाला बरं वाटतं. ती समजूत दोन्ही गटांत सारखी ठेवली की विजेचा खरा परिणाम वेगळा काढता येतो. वीज मिळालेल्या गटात टाळूची जखम लवकर झाकली गेली.

ही वीज किती? अशा उपचारातली वीज एक हजार मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी असते. एक छोटा एलईडी दिवा नीट पेटायला वीस हजार मायक्रोअँपिअर लागतात. त्यामुळे रुग्णाला झटका तर सोडाच, बहुतेक वेळा काही जाणवतही नाही.

म्हणजे उद्यापासून सगळ्या दवाखान्यांत हे मशीन? इतक्यात नाही. तोंडातल्या जखमांवरचे असे अभ्यास अजून थोडे आहेत. वीज किती द्यायची, किती वेळ, सलग की थांबून थांबून, यावर काम सुरू आहे. सरकलेली हिरडी हे मशीन वर आणत नाही. ते काम शस्त्रक्रियेचंच. मशीन फक्त जखम भरायला हातभार लावतं.

आणि खर्रा चालूच राहिला, तर मशीन तरी काय करेल? तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. जखमेला रक्त कमी मिळतं. टाळूवरून आणलेला तुकडा नव्या जागी रुजायला पहिले काही दिवस रक्ताचीच वाट बघत असतो. म्हणून डॉक्टर शस्त्रक्रियेआधीच सांगतात, आधी खर्रा सोडा. गडचिरोली जिल्ह्यात मुक्तिपथ नावाचं अभियान दारू आणि तंबाखू सोडवण्यासाठी गावोगाव काम करतं. घरात कुणी खर्रा खात असेल तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. रागावून नको, आरसा आणि टॉर्च हातात देऊन!

तुमच्यासाठी तीन सोप्या गोष्टी. ब्रश मऊ घ्या. दाबून आडवा न घासता हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवा. आणि महिन्यातून एकदा आरशात हिरडीची कड बघा.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. जखमेला किंवा तोंडात सेल, तार, चार्जर लावू नका. गोल बटणसेल तोंडात धरणं तर फारच धोक्याचं. तो गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. मोजून मापून वीज देणं हे डॉक्टरांचं काम.

करून पाहा

गॅल्वानी आणि व्होल्टा यांच्या भांडणातला व्होल्टांचा भाग घरी करता येतो. एक रसाळ लिंबू घ्या. ते टेबलावर दाबून थोडं मळून घ्या, पण फोडू नका. त्यात एका बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसा आणि दुसऱ्या बाजूला तांब्याच्या तारेचा सोललेला तुकडा. दोघांचा आत एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. शाळेत विज्ञानाच्या सरांकडे मल्टिमीटर असेल तर त्याची टोकं खिळ्याला आणि तारेला लावा. साधारण ०.९ व्होल्ट दिसतील. प्रयोग झाल्यावर ते लिंबू खाऊ नका, त्यात धातू उतरलेला असतो.

आता गणित. ०.९ व्होल्ट म्हणजे ९०० मिलिव्होल्ट. आपल्या कातडीची बॅटरी जास्तीत जास्त ६० मिलिव्होल्टची धरली, तर लिंबाची बॅटरी तिच्या किती पट?

बरोबर, पंधरा पट. एवढी वीज असूनही चिरलेलं लिंबू काही परत जुळत नाही. तिच्यामागे चालत जाणाऱ्या पेशीही असाव्या लागतात, आणि त्या तुमच्याकडे आहेत!